नऊ मासे, एक ओंडका आणि मामावरचं संकट

परवा सकाळी चिपळूणहून मामाचा फोन. "फांदी उकळून झाली रे. मासे आजच सोडू, की गुरुवारचा मुहूर्त बघू?"

टाकीत पाणी भरून जेमतेम तीन तास झाले होते. फिल्टर नव्हता. विचारल्यावर त्याने तो मेसेज पुढे धाडला, जो मला आधीच तीन ग्रुपांवर येऊन गेला होता आणि मी आळसाने सोडून दिला होता. ती चूक माझी. मेसेज थोडक्यात असा: नदीकाठचं कुठलंही लाकूड आणा, कडुनिंब सर्वोत्तम. मीठ घालून दहा मिनिटं उकळा. वार्निश मारा, म्हणजे पाणी पिवळं होत नाही. टाकीच्या मधोमध उभं करा. त्याच दिवशी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश सोडा. लाकूडच पाणी शुद्ध करतं, फिल्टर नको. आणि मासा मेला, तर घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं असं समजून दुसरा आणा.

शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण सगळी मेख तिथे आहे. मासा जगला तर भरभराट, मेला तर संकट टळलं. म्हणजे सल्ला चुकण्याची सोयच ठेवलेली नाही. मामाच्या शेजाऱ्यांकडे दोन महिन्यांत पाच काळे मासे गेले. या हिशेबाने त्या घरावर दर बारा दिवसांनी एक संकट चालून येतंय, आणि तरी माणसं निवांत सहावा मासा आणायला निघाली आहेत.

ते मासे कशाने मेले हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हे वाहून जातं. मामाची टाकी दोन फुटी, म्हणजे 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटर, काठोकाठ भरली तरी 54 लिटर. त्यात नऊ गोल्डफिश! एकेक जण पुढे वीतभर वाढणारा आणि नीट ठेवला तर दहा वर्षं जगणारा. जुन्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे दोघेही जवळपास नसतात. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत राहतो. शेजारी म्हणतात, काळ्याने मान टाकली.

हे माझ्या मनाचं नाही. टिमोथी होव्हानेक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांतले जिवाणू तपासले, तेव्हा नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असं दिसलं. तोवर सगळे नायट्रोबॅक्टर नावाच्या वेगळ्या जिवाणूला श्रेय देत होते. ही मंडळी पृष्ठभागाला चिकटून वाढतात आणि सावकाश वाढतात. म्हणून टाकी मुरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे नाहीत. जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि फिल्टर चालू ठेवायचा. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट आधी चढतात. मग खाद्य चालू असतानाही दोन्ही शून्यावर आले आणि टिकले, की थोडे थोडे मासे. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला, जिवाणू बसलेला फिल्टरचा स्पंज मिळाला तर काम लवकर होतं.

लाकूड पाणी शुद्ध करतं, यात अर्धा आणा खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. लाकडावरही हे जिवाणू बसतात. पण त्यांना प्राणवायू असलेलं पाणी खेळतं लागतं. साचल्या पाण्यातला ओंडका म्हणजे फिल्टर नव्हे. साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप, एवढ्याने भागतं.

आता 'कुठलंही लाकूड'. हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागतं याचंच नवल. गेळाची फळं आणि कुंभ्याची साल नदीच्या कोंडीत घालून मासे गुंगवायची पद्धत सह्याद्रीत जुनी आहे. झाडाचं पाण्यात काय उतरतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कडुनिंबाच्या बियांतलं अझाडिरॅक्टिन कीटकनाशक म्हणून विकलं जातं. लाकडात ते बियांइतकं नसेल, तरी ते बंद टाकीत मुद्दाम कशाला भिजवायचं? आणि दहा मिनिटांच्या उकळीने सगळी विषं जात नाहीत. शेराचा किंवा कुठलाही चिकाचा ओंडका नको, ओली फांदी नको, खाडीतलं कांदळवन तर नकोच. ते तोडणं गुन्हा आहे. पेरूची पूर्ण वाळलेली, साल काढलेली फांदी चालते. उकळणं बरोबर, पण तास-दोन तास, आणि नंतर आठवडाभर बादलीत भिजवणं, पाणी बदलत. तरंगली तर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने शहाबादी फरशीच्या तुकड्याला बांधा.

पाणी चहासारखं झालं तर होऊ दे. ते लाकडातून उतरलेलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य आहे. ॲमेझॉनची रिओ निग्रो नदी त्याच रंगाची आहे आणि कार्डिनल टेट्रा हा शोभेचा मासा तिथलाच. लोक बदामाची वाळकी पानं ऑनलाइन पैसे मोजून मागवतात, ती याच टॅनिनसाठी. आपल्याकडे तीच पानं झाडून जाळतात. रंग नकोच असेल तर पाणी बदलत राहा. पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो, तोही निरुपद्रवी. जुन्या ब्रशने घासा. वार्निशबद्दल बोलतच नाही.

राहिलं 'मधोमध'. नेचर ॲक्वेरियम ही टाकीत निसर्गदृश्य उभं करायची शैली ज्याने रूढ केली त्या ताकाशी अमानोच्या टाक्या पाहा. लिस्बनच्या मत्स्यालयासाठी त्याने उभारलेली टाकी तर 40 मीटर लांबीची. लाकडाचं मुख्य टोक टाकीच्या लांबीच्या एका तृतीयांशाच्या आसपास ठेवलं, वाळू मागे चढती केली, की दोन फुटी टाकीही खोल दिसते. पाणी भरण्याआधी त्याच मापाच्या खोक्यात फांदी चार दिवस फिरवून बघा. जावा फर्न आणि अनुबियास या पाणवनस्पती दोऱ्याने लाकडालाच बांधायच्या. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर सडतं.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "ते ठीक आहे. पण वार्निशचा डबा आणलाय, त्याचं काय करू?"

झोपाळ्याला मार म्हटलं.