खुलासा: शेन्झेन म्हणजे नुसतं कोळ्यांचं खेडं नव्हतं

"१९८० पर्यंत शेन्झेन हे जेमतेम कोळ्यांचं खेडं होतं, मग जादूची कांडी फिरली," असा चीनमधल्या शेन्झेन शहराबद्दलचा मेसेज सध्या फिरतोय. कांडीचं सोडा, खेड्याचीही बात खरी नाही. १९७९ मध्ये बाओआन जिल्ह्याचं शेन्झेन शहर केलं, तेव्हाच तिथे तीन लाखांवर माणसं राहत होती. मूळ शेन्झेन हे बाजाराचं गाव. हाँगकाँगमधल्या कौलूनहून चीनच्या ग्वांगझू शहराला जाणारी रेल्वे १९११ पासून तिथूनच जाते. पूर्वेकडचा दापेंगचा किल्ला तर १३९४ चा, समुद्री चाच्यांना रोखायला बांधलेला. पुढची भरभराट मात्र खरीच. पण ती आली विशेष आर्थिक क्षेत्रातून, हाँगकाँगच्या भांडवलातून आणि आतल्या प्रांतांतून आलेल्या लाखो मजुरांच्या घामातून. त्यांचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही!