जुनी पेन्शन सरकारला म्हणे फुकटात पडते

"जुनी पेन्शन लागू केली तर सरकारला एक रुपयाही खर्च नाही, उलट फायदाच" अशा मथळ्याचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. सहा मुद्दे, प्रत्येकाच्या पुढे लाल बाण, आणि शेवटी "एकच मिशन, जुनी पेन्शन". एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण यावेळी तो आमच्या वहिनीने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "म्हणूनच मी तो वारसाचा फॉर्म भरला नाही." वहिनी शिक्षिका, 2008 ला लागली, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 नंतरची, म्हणजे एनपीएसवाली, जुन्या पेन्शनऐवजी नव्या पेन्शन योजनेतली, जिथे पगारातली कपात आणि सरकारचा वाटा कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा होतो. दादाने अंगठा दाखवला आणि विषय संपला. मला काही तो संपवता आला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मथळ्याचाच मुद्दा घेऊ कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. फॉरवर्ड म्हणतो, एनपीएसमध्ये सरकारला प्रत्येक कर्मचाऱ्यामागे बेसिक अधिक डीएच्या 14 टक्के रक्कम दर महिन्याला भरावी लागते, जुनी पेन्शन आणली की हे 14 टक्के वाचले, मग खर्च कुठे आहे?

बरोबर आहे की. वाचतात. आज वाचतात. पण 2006 ला पंचविशीत लागलेला माणूस महाराष्ट्रात 58 ला रिटायर होणार, म्हणजे 2039 च्या आसपास. तोपर्यंत त्याच्या पेन्शनचा एक पैसा द्यायचा नाही, त्यामुळे तोपर्यंत सगळं छानच दिसणार. हे म्हणजे भिशीत पहिलाच नंबर लागला, रक्कम घरी आणली आणि बायकोला सांगितलं की बघ, कमाई झाली.

साधा हिशेब करा, मोबाईलवर होतो. 30 वर्षांची नोकरी धरा, म्हणजे 360 महिने, त्याचे 14 टक्के म्हणजे साधारण 50 महिन्यांचा पगार. एवढे सरकारचे "वाचले". आता जुनी पेन्शन म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मे आणि त्यावर डीए, माणूस 58 ला रिटायर होऊन 78 पर्यंत जगला तर 240 महिने गुणिले अर्धा पगार, म्हणजे 120 पगार, तेही शेवटच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या पगाराच्या हिशेबाने. वर डीए वाढत जाणार, वेतन आयोग आला की पेन्शन सुधारणार, ऐंशीच्या पुढे आणखी वाढ, आणि मागे जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. मिळायला हवं, म्हातारपण स्वस्त नसतं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण 50 वाचवून 120 द्यायचे आणि त्याला फायदा म्हणायचं, हे कुठलं गणित?

इथे कोणीतरी म्हणेल की अहो, 50 पगार 30 वर्षं गुंतवले तर व्याजासकट वाढतील ना. वाढतील, नक्की वाढतील, पण गुंतवले तर! तोच तर एनपीएसचा भाग आहे, तिथे पैसे खरोखर बाजूला पडतात, कर्मचाऱ्याच्या नावाने. जुन्या पेन्शनमध्ये वाचलेले 14 टक्के कुठल्याही खात्यात जात नाहीत, ते त्याच वर्षी खर्च होतात, रस्त्यावर म्हणा, कर्जाच्या व्याजावर म्हणा नाहीतर निवडणुकीआधीच्या घोषणेवर म्हणा. 2039 ला तिजोरी उघडाल तेव्हा आत फक्त वचन असेल. ते पाळायचं त्यावेळच्या करदात्यांनी, म्हणजे आज जी पोरं वहिनीच्या वर्गात बसलीत त्यांनी.

आणि हे मी घरबसल्या शोधलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या बुलेटिनमध्ये नेमका याच विषयावर लेख आहे, सगळी राज्यं जुन्या पेन्शनवर परत गेली तर काय होईल. त्यांचं म्हणणं, सुरुवातीला राज्यांचा खर्च कमी होतो पण पुढे एकूण बोजा एनपीएसच्या साडेचारपट होऊ शकतो आणि 2060 पर्यंत दरवर्षीचा जादा भार जीडीपीच्या 0.9 टक्क्यांवर जाऊ शकतो. लेख बँकेच्याच अधिकाऱ्यांचा आहे, मतं लेखकांची असं त्यात लिहिलंय, आणि इतक्या लांबच्या अंदाजात गृहीतकं असतातच. दोन-चार आकडे इकडेतिकडे होतील, पण साडेचारपटीतून "एक रुपयाही खर्च नाही" कसं काढणार?

दुसरीकडे, डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल म्हणाले होते, त्याची फॉरवर्डने टर उडवलीय. तो आकडा जणू उद्याच द्यायचाय अशा थाटात फिरला हे खरं. बिल हळूहळू वाढत येतं, एका रात्रीत येत नाही. पण येतं.

पुढचा मुद्दा, "राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी आणली, केंद्राने त्यांचे एनपीएसचे पैसेही परत दिले." पहिला अर्धा बराचसा खरा, दुसरा धादांत खोटा. राज्यांनी पैसे मागितले, पीएफआरडीएने, म्हणजे पेन्शनच्या नियामक संस्थेने, सांगितलं की कायद्यात तशी तरतूदच नाही, अर्थमंत्रीही तेच म्हणाल्या. हिमाचलमध्ये सप्टेंबर 2024 ला पगार 5 तारखेला आणि पेन्शन 10 तारखेला झाली, ते जुन्या पेन्शनमुळेच असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच आहेत, पण तंगीतल्या सरकारची पेन्शनची तारीख सरकू शकते एवढं तरी त्यातून दिसलं.

"सगळा पैसा शेअर बाजारात बुडाला." नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरलेल्या स्कीममध्ये शेअर्सवर वर्षानुवर्षं 15 टक्क्यांची मर्यादा होती, बाकीचा बहुतेक पैसा सरकारी रोख्यांत आणि बाँडमध्ये. पुढे.

"आमदाराला एका टर्मवर पेन्शन, आम्हाला 30 वर्षं राबून का नाही?" हा मुद्दा मला झोंबतो कारण याला उत्तर नाही. माजी आमदाराला एका टर्मवर महिना 50 हजार, पुढे जास्तीच्या प्रत्येक वर्षाला 2 हजार वाढ. लाज वाटायला हवी आणि ती वाटत नाही. पण असे माजी आमदार असून असून काही शेकडा, आणि मार्च 2023 च्या संपात कर्मचारी सुमारे 17 लाख. आमदारांची पेन्शन उद्या बंद करा, मी पेढे वाटीन, त्यातून 17 लाखांची निघणार नाही.

मग "एनपीएसमध्ये महिना दोन-अडीच हजार मिळतात". हे, नाइलाजाने कबूल करतो, काहींच्या बाबतीत खरंय. उशिरा लागलेले, दहा-पंधरा वर्षांत रिटायर झालेले, त्यांची गंगाजळीच छोटी, आणि तिच्यातल्या 40 टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घेतली, म्हणजे विमा कंपनीकडून महिन्याची ठरावीक रक्कम विकत घेतली, की ती जन्मभर तेवढीच, डीए नाही. शिवाय सुरुवातीच्या डीसीपीएसच्या, म्हणजे एनपीएसआधीच्या राज्याच्या अंशदायी पेन्शन योजनेच्या, वर्षांत शिक्षकांच्या हिशेबाचा जो घोळ घातला गेला तो वेगळाच. वहिनीच्या पगारातून कपात झाली, पे-स्लिपवर दिसते, पण तिच्या प्रान खात्यात, म्हणजे एनपीएसच्या स्वतःच्या खात्यात, त्यातले काही हप्ते आजही नाहीत, आणि कार्यालयात विचारलं की "वर पाठवलंय" एवढंच ऐकायला मिळतं. हा खरा अन्याय आहे आणि फॉरवर्डमध्ये त्याच्यावर अर्धी ओळ नाही!

हमी हवी ही मागणी चूक नाही. त्यावरच केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम, आणली, 25 वर्षं नोकरी झाली की शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मे, महागाईची जोड, किमान 10 हजार, आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तिला होकार दिला. त्यात कर्मचारी 10 टक्के भरतो आणि केंद्राने स्वतःचा वाटा 14 वरून 18.5 टक्क्यांवर नेला. म्हणजे हमीची किंमत आजच मोजायला घेतली. ती पुरेल का, 25 वर्षांची अट जाचक नाही का, यावर भांडा ना. ते भांडण खरं आहे.

राहिला शेवटचा बाण, ज्यापायी माझं डोकं फिरलं. "एनपीएसचा वारस फॉर्म भरू नका, भरला म्हणजे तुम्ही एनपीएस मान्य केली, जुनी पेन्शन कायमची गेली." अरे, कपात दर महिन्याला चालू आहे, मान्य-अमान्यचा प्रश्न 2008 लाच संपला. 1 नोव्हेंबर 2005 आधीच्या जाहिरातीवर भरती झालेल्या साधारण 26 हजार जणांना 2024 मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला तो त्यांच्या जाहिरातीच्या तारखेमुळे. कोणी फॉर्म कोरा ठेवला म्हणून नव्हे. आणि उद्या काही बरंवाईट झालं तर त्या कोऱ्या रकान्याचा त्रास संघटनेच्या अध्यक्षाला नाही होणार, दादाला आणि पोरांना होणार, दाखले गोळा करत टेबलं फिरायला. 2023 मध्ये सेवेत असताना गेलेल्या एनपीएसवाल्यांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी देण्याचा निर्णय झालाय, ते मिळवताना तरी कागद जागेवर नकोत का?

तेव्हा वहिनी, या आठवड्यात तो फॉर्म भर, दादाचं आणि पोरांचं नाव टाक, टक्केवारी लिही. मग जुन्या पे-स्लिपा काढ आणि गायब हप्त्यांचा हिशेब लेखी माग, पोच घे. त्या हप्त्यांसाठी तुमची संघटना मोर्चा काढणार असेल तर रजा टाकून मीही येतो.