व्हर्च्युअल नेटवर्क कार्डला रजिस्टर मॅप लागत नाही? साफ चुकीचं आहे

सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर, खरी चिप नाहीच, म्हणून ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) रजिस्टर मॅप, म्हणजे कार्डाचं कुठलं रजिस्टर कुठल्या जागी आहे त्याची यादी, नीट लिहायची गरज नाही, ऑफसेट म्हणजे त्या जागांचे आकडे कुठलेही टाका. हे चूक आहे, आणि प्रोजेक्टवाल्या पोरांच्या रात्री यात वाया जातात म्हणून लिहितोय.

क्यूईएमयू (QEMU) या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं ई१००० हे व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड घ्या. ते इंटेलच्या ८२५४०ईएम चिपची नक्कल करतं, म्हणजे रजिस्टरं पण त्याच चिपच्या जागी, कंट्रोल शून्यावर, स्टेटस ८ वर, ट्रान्समिट रिंगची (बाहेर जायच्या पॅकेटांच्या रांगेची) टेल म्हणजे शेवट दाखवणारं टीडीटी हेक्स ३८१८ वर. ड्रायव्हरनं टीडीटीत लिहिलं की हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा प्रोग्राम) ते पकडतो आणि मग पॅकेट बाहेर जातं. चार बाइट इकडं तिकडं झालं तर पॅकेट रिंगमध्येच पडून राहतं, एरर पण दिसत नाही. आणि हेक्स सी० वरच्या आयसीआरला, म्हणजे इंटरप्ट का आला ते सांगणाऱ्या रजिस्टरला, तर फार जपा, नुसतं वाचलं तरी तो पुसला जातो, डीबगसाठी मध्येच प्रिंट केलात की इंटरप्टचं कारण गेलं.

मेसेजमधलं एक अर्धं खरं आहे, व्हर्टआयओमध्ये (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या डिव्हाइसच्या प्रकारात) रजिस्टरं कमी असतात, डेटा मेमरीतल्या क्यूमधून जातो. पण मॅप तिथंही आहेच. पीसीआयवरच्या मॉडर्न डिव्हाइसमध्ये जागा कॅपॅबिलिटी लिस्टमधून (डिव्हाइस स्वतःबद्दल देतं त्या यादीतून) वाचून काढायची असते, कोडमध्ये ठोकून बसवायची नसते, आणि फील्ड सगळे लिटल एंडियन, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी.

ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाका.