मासोळीचं पोट

परवा चुलतभावाचं साक्षगंध झालं आणि तेव्हापासून आमच्या अख्ख्या खटल्यात माझं नाव ‘मासोळीचं पोटवाली’ पडलं आहे. पाच वर्षं पीएचडी करून मिळालेली ही पहिलीच पदवी.

दारव्ह्याकडचं गाव, मांडवात पंगत, पत्रावळीवर वांग्याची भाजी आणि बुंदी. शेजारी नवरीचे मामा. आवाज असा की लाऊडस्पीकरवाल्यानं इसार परत करावा.

“काय करून राह्यली बाई तू पुन्याले?”

“मासोळीच्या पिल्लाचं आतडं कसं हलते अन त्यात जंतू कसे राहते, ते पाहते मामा.”

मामांची पुरी तोंडाशी थांबली. “कोनती मासोळी? मरळ का रोहू?”

“झेब्रा मासा. पट्टे असते अंगावर. पिल्लू पाच दिवसाचं झालं तरी चार मिलिमीटर.”

आणि मी भाताचं एक शीत मोडून अर्धं दाखवलं. ही माझी चूक. मामांनी ते अर्धं शीत अंगठ्याच्या नखावर घेतलं, बल्बाकडे धरलं आणि एक डोळा मिटला.

“याच्यात आतडं?”

“हो.”

“आतड्यात जंतू?”

“हो.”

“अन तुले दिसते?”

“पिल्लू काचेसारखं आरपार असते, मामा. सूक्ष्मदर्शकाखाली आतडं हलताना दिसते.”

मामांनी शीत जपून द्रोणाच्या काठावर ठेवलं आणि मान वळवली. “आयकलं का होऽऽ! हे पोट्टी पाच वर्सापासून मासोळीची हगवन पाहून राह्यली!”

वाढप्याचा झारा बुंदीत तसाच राहिला. समोरच्या पंगतीतली माझी माय पदर तोंडाला लावून खाली बघत होती. हसत होती, हे मी विसरणार नाही.

आता पंगतीत कोणाला सांगू, की हा मासा आपलाच आहे? फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जॉर्ज स्ट्राइसिंगर या शास्त्रज्ञानं त्याला प्रयोगशाळेत बसवलं, १९८१ मध्ये त्याचे क्लोन केले आणि मासा जगभर गाजला. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाऊन धोतर होऊन यायचा, त्यातलाच प्रकार.

मी चिडून मामांना सगळंच सांगितलं. ओरेगॉनवाल्यांनीच २०१८ मध्ये दाखवलं, की पटकीचा जंतू पिल्लाच्या आतड्यात शिरला की आपल्या भाल्यासारख्या हत्यारानं आतड्याला इतकं जोरात आवळायला लावतो, की आधीचे जंतू गठ्ठ्यानं बाहेर फेकले जातात.

मामा दोन घास गप्प. मग म्हणाले, “म्हंजे नवा किरायदार येते, अन घर गदागदा हालवून जुन्याले बाहेर काढते.”

हेच वाक्य मला तीन महिने सुचलं नव्हतं. शोधनिबंध तपासणाऱ्यानं ‘अधिक सोपं करा’ म्हणून परत पाठवला होता. मला आणखीच राग आला.

“पन बाई,” मामांनी आवाज उतरवला. ते बोलणं फक्त माझ्यासाठी होतं. “माह्यं पोट चार दिसापासून हालून नाही राह्यलं. दवाखान्यात गेलो, तं डाक्टर मीटिंगले. मासोळीच्या पोटाले पैसा हाय, मानसाच्या नाही?”

खरं सांगायचं, तर मासोळीच्या पोटालाही नाही. माझी फेलोशिप सात महिने आलेली नाही. पिल्लाचं बरं असतं, जन्मताच पाचेक दिवसांचा डबा पोटाला बांधून मिळतो. मी मात्र उजेड होताच अंडी गोळा करायला धावते, ती जंतुमुक्त करायला धूत बसते, आणि मेसवाल्याला चुकवून मागच्या दारानं जाते. एमपीएससी पास झालेल्या चुलतभावाला परवा पंगतीत दोनदा आग्रह झाला. मला मासोळी एरंडेल पिते का, हे विचारायला अकरा जण आले. त्यातले नऊ स्वतःचं पोट धरून.

मामांना मी डॉक्टर नसल्याचं चारदा सांगितलं. शेवटी वैतागून म्हटलं, पाणी जास्त प्या, सालासकट पेरू खा, चहा कमी करा, अन तरी नाही झालं तर तालुक्याला दाखवा. त्यांनी नातवाच्या मोबाइलवर माझा नंबर चढवून घेतला.

आज पहाटे पावणेसहाला फोन वाजला. अनोळखी नंबर. घरात कोणी गेलं की काय म्हणून हात थरथरले.

“झालं,” मामा म्हणाले आणि फोन ठेवला.