यादीत नाव नाही म्हणून पणजोबा खोटे ठरत नाहीत

महायुद्धात लढलेल्या सैनिकांच्या वारसांना इंग्लंडचं सरकार थकलेली पेन्शन देणार, असा एक मेसेज वाळवा-तासगावकडच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. लंडनच्या वेबसाइटवर गावनिहाय यादी आहे म्हणे. यादीत नाव नसेल तर तुमचे पूर्वज फौजेत नव्हतेच. मूळ कागद इंग्रजांनी जाताना जाळले, तेव्हा आधार, पासबुक आणि 'शोध फी' पाठवा, आम्ही वारस लावून देतो. खाली तिरंगा आणि जोडलेले हात.

माझ्या मामींना तो खरा वाटला. बरं, तेवढ्यावर भागलं नाही. भावकीतल्या एका शहाण्याने मोबाइलवर यादी चाळली आणि "तुमच्या आजेसासऱ्यांचं नावच नाही, कसली फौज नि कसलं काय" असं त्यांना चारचौघांत ऐकवलं. देव्हाऱ्याशेजारच्या डबीत लढाईची दोन पदकं, म्हणजे आपले बिल्ले, जपून ठेवलेलं हे घर! पैशाचं नंतर बघू, आधी या यादीचा निकाल लावतो.

त्याने चाळलेली ही यादी म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंद. १९१७ साली निघालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळते. मेलेल्यांच्या, लढलेल्या सगळ्यांच्या नव्हे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून जास्त माणसं भरती होती आणि त्यांतली सुमारे ७४ हजार मेली. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव जण जिवंत राहिले, आणि त्यांची नावं तिथे असण्याचं कारणच नाही. मामींचे आजेसासरे मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आले, लग्न केलं, पोरंबाळं झाली. त्या पोराबाळांच्याच पोटी हा वंश आला, हे तरी त्या शहाण्याला सुचायला हवं होतं.

आपल्याकडे कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक शिळा बसवलेली असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक माणसं गेली, त्यांपैकी अमुक कामी आली, एवढाच मजकूर. गेलेल्यांचा आकडा वेगळा, मेलेल्यांचा वेगळा. लंडनच्या यादीत फक्त दुसऱ्या आकड्यातली माणसं.

आणि मेलेले सगळे तरी नावानिशी आहेत का? इराकमधलं बसरा स्मारक घ्या. तिथे ४० हजारांवर सैनिकांची आठवण केलेली आहे, पण दगडावर हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली; शिपायांचे पलटणवार आकडे टाकून मोकळे झाले. हे मी पदरचं सांगत नाही. २०२१ मध्ये या कमिशननेच स्वतःच्या कारभाराची चौकशी करून अहवाल छापला. त्यात कबुली आहे की पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार जणांना, त्यांत हिंदी सैनिकही आले, गोऱ्यांच्या बरोबरीने स्मरलं गेलं नाही. आणि किमान १ लाख १६ हजार जणांची, प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्यांची, नावानिशी किंवा अजिबातच नोंद झाली नाही. संस्था स्वतःच यादी अपुरी म्हणतेय, तर भावकीने ती वेदवाक्य का मानावी?

शिवाय या गृहस्थांनी शोधलं काय टाकून, तर 'सांगली'! तेव्हा सांगली जिल्हा होता कुठे? वाळवा, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा निघाला, त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. जतकडचा किंवा आटपाडीकडचा माणूस असेल तर संस्थानाचं नाव लागेल, जत किंवा औंध. त्यात इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसं आडनाव लिहिलेलं. एका स्पेलिंगवर थांबू नका.

'गावनिहाय यादी' हे अर्धसत्य आहे. अशी रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात सापडली, त्यांतल्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदी २०२१ पासून ऑनलाइन येऊ लागल्या. पण ती पंजाबची. मेसेजवाल्याने बातमी तिथली उचलली आणि चिकटवली इस्लामपूरला.

कागद जाळल्याचंही तसंच. १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचं एक कोठार जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे बरेचसे कागद गेले, ते ब्रिटिश सैनिकांचे. हिंदी शिपायाच्या नोकरीचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचा विषय. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला.

तिथे नुसतं 'गणपत जाधव' लिहून काय उपयोग? नंबर आणि पलटण हवी, आणि ती बहुधा घरातच असते. बिल्ला आडवा धरून कडेवर भिंग लावा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली सापडते. दुसऱ्या महायुद्धाचे ब्रिटिश सैनिकांचे बिल्ले कोरे असत, हिंदी सैन्याचे मात्र नाव घालून दिलेले. घरात काशाची मोठी चकती असेल, तर तो मेलेल्याच्या वारसाला दिलेला स्मृतिपट. त्यावर फक्त नाव असतं. पलटणीचे आकडे १९२२ मध्ये बदलले, तेही ध्यानात ठेवा: १०३ वी मराठा म्हणजे पुढची पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, ११० वी म्हणजे तिसरी, ११७ वी म्हणजे पाचवी. या तिन्ही पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होत्या. आणि आपल्याकडचा फौजी म्हणजे मराठाच, हे धरून चालू नका. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली; महार रेजिमेंट १९४१ ची.

आता पेन्शन. १९४७ नंतर हिंदी फौजेच्या पेन्शनची जबाबदारी भारत आणि पाकिस्तान सरकारांवर आली. कुटुंब-पेन्शन विधवेला आणि अवलंबून असलेल्या मुलांना मिळते, धडधाकट पणतवाला नाही. एवढं मात्र नाइलाजाने मान्य करतो की इंग्लंडने २०१८ मध्ये खरंच १ कोटी ८० लाख पौंड जाहीर केले होते. पण ते राष्ट्रकुलातल्या हयात, गरजू माजी सैनिकांना आणि विधवांना, वारसांना नव्हेत. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन न मिळालेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना आपलं राज्य सरकारही दरमहा मदत देतं. घरात अशी आजी असेल तर सांगलीच्या नाहीतर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे 'शोध फी' कोणी मागत नाही.

आधार आणि पासबुकाचे फोटो पाठवून बसला असाल, तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. मामींनी नुसता आधारचा फोटो पाठवला होता. लॉक केलं. आता बिल्ल्यावरचा नंबर उतरवून बेळगावला अर्ज टाकतोय, आणि मेसेजवाल्याचा 'फी भरा' म्हणून अजून फोन येतोय.