चार रेघांचं घड्याळ घरात खुशाल राहू द्या

‘भिंतीवरच्या घड्याळात चारच्या जागी रोमन आय-व्ही नसून चार उभ्या रेघा असतील, तर ते घड्याळ नकली. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या हट्टामुळे ही चूक जगभर पसरली. चार रेघा म्हणजे चार खांदेकरी. अशा घरात वर्षाच्या आत मृत्यू होतो. आजच काढा, दहा जणांना कळवा.’

हा निरोप सध्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. सोलापुरात साखर पेठेत राहणाऱ्या माझ्या काकूंनी तो वाचला आणि काकांना गिरणीतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ भिंतीवरून उतरवून भंगारवाल्यासाठी बाहेर ठेवलं. काका आता नाहीत. त्यांची आठवण म्हणून ते घड्याळ होतं. अशा बाईला मरणाची भीती घालणाऱ्याची मला चीड येते.

आधी राजाचं बघू. लुई जन्मला 1638 साली. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलचं घड्याळ चौदाव्या शतकाच्या अखेरचं, आणि त्यावर चारसाठी चार रेघाच आहेत. त्याहून मोठा पुरावा खुद्द रोममध्ये आहे. इसवी सन 80 मध्ये खुल्या झालेल्या कलोसियमच्या दरवाजांवर आकडे कोरलेत, त्यातले 23 ते 54 आजही दिसतात. 44 नंबरच्या दरवाजावर चाळीससाठी एक्स-एल आहे, म्हणजे पन्नासातून दहा वजा, आणि पुढे सरळ चार आय. म्हणजे मोठ्या आकड्यातून लहान वजा करून लिहायची रीत त्या कारागिरांना माहीत होती, तरी चार त्यांनी रेघांनीच लिहिला. रोमन आकडे रोमन लोकांनीच चुकीचे लिहिले म्हणायचं का?

‘नकली’ हा मुद्दा तर दोन ओळींचाही नाही. कार्तिएसारखी महागडी कंपनी आपल्या रोमन आकड्यांच्या घड्याळांवर चार रेघा काढते. लंडनच्या बिग बेनवर आय-व्ही आहे. दोन्ही चालतं.

आता खांदेकरी. निरोपात ‘उभ्या रेघा’ म्हटलंय. घड्याळाकडे एकदा नीट बघा. तबकडीवरच्या रोमन आकड्यांचे पाय बहुधा मध्याकडे असतात, त्यामुळे चारच्या जागी आलेल्या रेघा तिरक्या पडतात, उभ्या नसतातच. रेघ म्हणजे मोजणी, एवढंच. एकाला एक, दोनाला दोन, तिनाला तीन. चौथी रेघ काढली की लगेच तिरडी कशी होते? आणि शुभ-अशुभच पाहायचं असेल तर आपल्याकडे चार वेद आहेत, चार धाम आहेत, गणपती चतुर्भुज आहे. काकू स्वतः दर महिन्याला संकष्टी चतुर्थी धरतात. चार आकडा अपशकुनी असता तर त्या दिवशी चंद्र बघून उपास सोडला असता का? असली घड्याळं किती घरांत वर्षानुवर्षं चालू आहेत. त्या घरांत माणसं गेली ती वयानं, आजारानं गेली. घड्याळानं त्यांना मारलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. शाळेत चार म्हणजे आय-व्ही असं शिकवतात, त्यामुळे तबकडी बघून शंका येणं साहजिक आहे. घड्याळांवर रेघाच का टिकल्या याची कारणं बरीच सांगतात. समोरच्या आठाचा आकडा रुंद, त्याला तोल मिळतो. पहिल्या चार तासांत फक्त आय, पुढच्या चारांत व्ही, शेवटच्या चारांत एक्स, अशी सरळ वाटणी होते. शिवाय खालच्या बाजूला आकडे उलटे होतात, तिथे आय-व्ही आणि व्ही-आय यांची गफलत होत नाही. मला हे शेवटचं कारण सगळ्यात पटतं. रोमनांच्या जुपिटर देवाच्या लॅटिन नावाची सुरुवात आय-व्हीनं होते म्हणून रोमन तो आकडा टाळायचे, असंही सांगतात. नावाची अक्षरं खरी आहेत, पण पुढचा भाग निव्वळ तर्क आहे.

ज्यांनी हा निरोप ग्रुपवर टाकला, त्यांनी त्याच ग्रुपवर तो खोटा आहे असं लिहावं. आणि काकूंना फोन करून स्वतः सांगावं.