लाल ठिपका

आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या धाकट्याच्या वापरलेल्या डायपरची ओळख परेड झाली. डायपर जळमटं काढायच्या काठीच्या टोकाला, काठी तळमजल्यावरच्या काकांच्या हातात. वेळ आठ दहा, म्हणजे स्कूल व्हॅनची, म्हणजे अख्खी बिल्डिंग खाली.

“अहो तीनशे दोन, हे तुमचं ना?”

नाही म्हणायची सोयच नव्हती. पुडक्यावर वाघ होता. वाघाच्या पोटाखाली मोठ्याचं नाव आणि ‘छोटा गट, तुकडी ब’. काल रात्री साडेअकराला घरात वर्तमानपत्राचा कपटा नव्हता, म्हणून हाताला लागला तो कागद गुंडाळला. तो नेमका चित्रकलेचा निघाला. मोठा माझ्या शेजारीच उभा, गळ्यात वॉटरबॅग. त्याने एकदा काठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि “माझा वाघ!” म्हणून जो सूर लावला तो व्हॅन कोपऱ्यावरून वळली तरी ऐकू येत होता.

काकांना वाघाशी काही देणंघेणं नव्हतं. “ठिपका कुठाय?”

ठिपका म्हणजे लाल ठिपका. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात, २००८ पासून. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ताईंना पुडकं न उघडता बाजूला काढता येतं. नियम सोळा आणे बरोबर. हाताने कचरा निवडणाऱ्या बाईपुढे कुणाच्या लेकराची शी उघडी पडू नये, यावर माझं आणि काकांचं एकमत आहे. फरक एवढाच, की काकांनी आयुष्यात एकही ठिपका काढलेला नाही.

काढायचा तर असा. आधी शी कमोडमध्ये झटकायची. डायपर मात्र कमोडमध्ये जाऊ द्यायचा नाही. तो आत फुगतो, आणि मग सकाळी येतो म्हणालेला प्लंबर संध्याकाळी येतो. ओली बाजू आत ठेवून पुढून मागे घट्ट वळकटी करायची, बाजूच्या चिकटपट्ट्या ताणून तिच्यावर बसवायच्या. वर्तमानपत्राचं अख्खं पान घ्यायचं, अर्धं भिजून फाटतं. पान तिरकं धरून वळकटी कोपऱ्यावर ठेवायची, दोन्हीकडचे कान आत घालायचे आणि वाणी जिऱ्याची पुडी बांधायचा तशी पुडी बांधायची. ठिपक्याला स्केचपेन चालत नाही. पावसाळी हवेत ते पसरतं आणि ठिपक्याचा गुलाबी ढग होतो. पर्मनंट मार्करच लागतो. हे सगळं दिवसातून पाच-सहा वेळा, आणि एका हाताने. दुसऱ्या हाताखाली उघडावाघडा धाकटा असतो आणि त्याचा जीव त्या मार्करवर असतो.

गेल्या आठवड्यात तो त्याला मिळाला. मी कुकरच्या तीन शिट्ट्या मोजत होते, तेवढ्यात. फ्रिजवर ठिपके, भिंतीवर ठिपके, आजीच्या पांढऱ्या चादरीवर ठिपके, आणि सरतेशेवटी स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या बोटभर वर, एक ठसठशीत लाल ठिपका. नियमाप्रमाणे आता त्याला कागदात गुंडाळून वेगळा ठेवायला हवा होता. पोटावरचा खोबरेल तेलाने गेला, भिंतीवरचे आहेत. मार्कर तेव्हापासून माळ्यावर. म्हणजे मलाही स्टूल लागतं. म्हणजे रात्री साडेअकराला ठिपका नाही. एवढं सगळं मी काकांना सांगू लागले, तर त्यांनी मधेच तोडलं.

“पण तुम्ही घरीच असता ना?”

आमच्या मजल्यावरची सगळी कुरिअरं या वाक्यावर चालतात. शेजारच्यांचा सिलिंडर, वरच्यांच्या गीझरवाल्याला द्यायची किल्ली, समोरच्यांच्या कुंड्यांना पाणी, तीनशे दोन घरीच असतात! गेल्या महिन्यात एक मॅट्रेस आली होती. ती दोन दिवस आमच्या पॅसेजमध्ये उभी होती आणि मी मॅट्रेसच्या कडेकडेने वरणभाताची वाटी घेऊन दीड वर्षाच्या माणसामागे धावत होते.

“आमच्या वेळी ही डायपरची थेरं नव्हती,” काका म्हणाले. “सुती लंगोट. जुन्या धोतराचे.”

“दिवसाला किती लागायचे?”

“असतील वीस-पंचवीस.”

“धुवायचं कोण?”

काकांनी जरा विचार केला. “धुतले जायचे.”

कर्मणी प्रयोग! लंगोट धुतले जायचे, दूध तापवलं जायचं, भात लावला जायचा. कर्ता सापडत नाही. त्यांच्या गॅलरीत काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांचा तांब्या मधेच थांबला.

“आणि पावसाळ्यात?” मी विचारलं.

“वाळत घातले जायचे. इस्त्री होती की आपल्याकडे.”

“इस्त्री तुमच्या शर्टांना होती,” काकू गॅलरीतून म्हणाल्या. “लंगोट मी शेगडीवर टोपली पालथी घालून सुकवायचे.” आणि उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला एकदम ओतलं.

काकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. वाघ हलला. “ते जाऊ दे. पण हे कोरड्या कचऱ्यात कशाला टाकलंत?”

२०१६ साली केंद्राने घनकचऱ्याचे नियम केले, त्यांत गुंडाळलेला डायपर कोरड्याच्याच डब्यात टाकायला सांगितलं होतं. पुडी बांधायला कंपन्यांनी पाकिटाबरोबरच पिशवी द्यावी, असंही त्यात होतं. माझ्या पाकिटांतून आजवर निघालंय ते फक्त पुढच्या पाकिटावर दहा रुपये सुटीचं कूपन. पिशवी बनवणाऱ्याने द्यायची, आणि काठीवर कोण? तर वाघ, छोटा गट, तुकडी ब.

वेळ असतो म्हणे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर विचारलं, की दिवसाचा वेळ कशात जातो. घरच्या बिनपगारी कामात बायकांची सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. आणि ही ८८ जे त्या दिवशी घरकाम करतात त्यांचीच. ज्यांच्याकडे कामं कर्मणीत होतात ते या सरासरीत नाहीतच. पोरं सांभाळायचा वेळ आणखी वेगळा.

डायपर चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेला तर तो वेळ कुठे धरायचा, हेही मला विचारायचंय. आतली भुकटी पाणी पिऊन साबुदाण्याच्या लापशीसारखी फुगते आणि सगळ्या कपड्यांना चिकटते. पहिली चूक सगळे हीच करतात, की पुन्हा पाणी सोडतात. ती आणखी फुगते. कपडे तसेच वाळवायचे आणि गॅलरीत झटकायचे, मग कोंड्यासारखी पडते. ड्रममधली लापशी हाताने काढायची, उरलेल्यावर मीठ टाकायचं. मिठाने तिचं पाणी सुटतं. मोरीत ढकलायची नाही. आमच्याकडे नवऱ्याच्या काळ्या पँटवर अजून दोन दाणे आहेत. त्याला वाटतं, डिझाइन आहे.

शेवटी मी पुडकं घेतलं, वर नेऊन स्टुलावर चढून ठिपका काढला, खाली आणून ताईंच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, “अहो, वाघ होता ना, मला कळलंच होतं. लहान पोराचं घर.” आणि गेल्या. जाता जाता मी काकांना एवढंच म्हटलं, की आमच्याकडे पेपर येत नाही, तुमची रद्दी असेल तर द्या थोडी. काका ‘बघतो’ म्हणाले. पुण्यात ‘बघतो’ म्हणजे नाही, म्हणून मी विषय सोडून दिला.

दुपारी दोन दहाला बेल वाजली. धाकट्याला झोपवायला चाळीस मिनिटं लागली होती आणि त्याच्या मानेखालचा माझा हात नुकताच सुटला होता. दारात काका. स्वतःच्या दारावर ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ ही पाटी लावलेले तेच काका. एका हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा, दुसऱ्या हातात ताणकाटा.

“तीन किलो दोनशे,” ते म्हणाले. “रद्दीवाला चौदा देतो. तुम्ही बारा द्या. अडतीस रुपये चाळीस पैसे होतात, चाळीस पैसे सोडले.”

आत धाकट्याने भोंगा लावला.

“उठलाच आहे का? बरं झालं,” काका म्हणाले. “सुटे बघा जरा. आणि शब्दकोड्यांची पानं मी काढून घेतलीयत, ती वजनात धरलेली नाहीत.”